आठळी नव्हे, गरा

मे महिना संपत आला होता. आईचा फोन आला, टीव्ही 'अर्दो' दिसतो. आमच्या घरात बोलणं कोकणीत आणि वाचणं-लिहिणं मराठीत, त्यामुळे तिचं बोलणं मराठीत लिहिताना थोडं काही गळतं. पण अर्धा म्हणजे अर्धाच. वरचा की खालचा, असं मी विचारलं तर ती चिडली. चित्र पुरं होतं, चॅनेलं अर्धी होती. बातम्या लागत होत्या, कीर्तन लागत होतं. रात्री आठची तिची मालिका जिथे लागते तिथे मात्र निळा पडदा आणि 'सिग्नल नाही'.

कंपनीला फोन केला. माणूस दोन ते चार दिवसांत, अकरा ते पाचच्या दरम्यान येईल, असं कळलं. डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर अकरा ते पाचच्या दरम्यान आई एक तर परसात असते नाहीतर झोपलेली. शिवाय गेल्या वर्षी आलेल्या मुलाने केबल दाताने सोललेली मी या डोळ्यांनी पाहिली होती. त्याला नावं ठेवत नाही. एका घरामागे त्याला मिळत काय असेल, आणि अजून किती घरं उरली असतील! पण दाताने सोललेल्या केबलीवर माझ्या आईची मालिका टिकावी, ही अपेक्षा जरा जास्तच होती.

शनिवारी पणजीहून गाडी काढली. मिरग आठ-दहा दिवसांवर. या दिवसांत गावात जो तो छपरावर असतो. कुणी नळे परततोय, कुणी पन्हळीतला पाचोळा काढतोय. आमची छत्री (डिश म्हणायची सवय आम्हाला लागलीच नाही) न्हाणीघराच्या स्लॅबवर आहे. कौलारू घराला नंतर चिकटवलेला तो सिमेंटचा तुकडा. दिसायला वाईट, पण चढायला सोयीचा. निसण (शिडी) लावली आणि वर गेलो. गोव्यातल्या बहुतेक छत्र्या आग्नेयेच्या बाजूला तोंड करून बसलेल्या असतात, कारण आपल्याकडची चॅनेलं पाठवणारे उपग्रह विषुववृत्तावर, आपल्या पूर्वेला उभे आहेत. आमची छत्रीही तशीच बसली होती. दिशा शाबूत, पत्रा शाबूत. खाली मात्र, जिथे केबल एलएनबीला (छत्रीपुढची, लहरी पकडणारी डबी) मिळते, तिथे काळी टेप सालीसारखी सुटून लोंबत होती. टेप ओढली, नट सोडवला. आत मोराच्या पिसासारखा हिरवा रंग. देवळातल्या जुन्या समईवर दिसला असता तर छान म्हटलं असतं.

अर्धी चॅनेलंच का गेली याचा उलगडा तिथेच झाला. या केबलीतून वरून खाली चित्र येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच केबलीतून खालून वर वीजही जाते. टीव्हीजवळचा खालचा डबा (सेट-टॉप बॉक्स) वरच्या एलएनबीला कधी १३ व्होल्ट देतो, कधी १८. १३ दिले की एलएनबी उभ्या लहरी घेतो, १८ दिले की आडव्या. निम्मी चॅनेलं उभ्यावर, निम्मी आडव्यावर. सांध्यात गंज धरला की वाटेत व्होल्ट गळतात, १८ निघतात आणि वर पुरेसे पोचत नाहीत. एलएनबी समजतो, आपल्याला १३च मिळालेत. तो इमानदारीने उभ्या लहरी घेत राहतो आणि आईची मालिका आडवी होते.

पाच रुपयांची वस्तू बदलायची, एवढंच काम. माझा शनिवार, रविवार आणि पुढचा शनिवार त्यात गेला.

म्हापशाच्या दुकानदाराने विचारलं, "पिन घुमवायची हवी की दाबायची?" दुकानात तिला पिनच म्हणतात, कागदोपत्री एफ-कनेक्टर. गंमत म्हणजे या पिनेत पिन नसतेच. नुसतं एक टोपण असतं, आत आटे असलेलं. केबलीची स्वतःची मधली तारच त्यातून बाहेर डोकावते आणि पिनेचं काम करते. एरिक विन्स्टन नावाच्या माणसाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जेरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्स या अमेरिकन कंपनीत असताना ही युक्ती काढली. एक अख्खा भागच वगळला, म्हणून ती इतकी स्वस्त पडते. पण त्या स्वस्ताईची किंमत लावणाऱ्याच्या हाताकडून वसूल होते. कारखान्यात बनलेली पिन सरळच असते. इथे पिन सरळ, स्वच्छ आणि मापात ठेवणं लावणाऱ्याकडे येतं. मी घुमवायच्या चार घेतल्या. दुकानदाराच्या चेहऱ्यावरून कळायला हवं होतं.

आई पडवीत फणस फोडत बसली होती. साठां (फणसपोळ्या) घालायची होती, पाऊस सुरू व्हायच्या आत. हाताला खोबरेल तेल, पुढे विळी, मांडीवर जुनं लुगडं. मी तिच्या शेजारी केबलीचं टोक घेऊन बसलो. दोघांचं काम एकच होतं, हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला.

केबल आडवी कापून पाहा. बाहेर प्लास्टिकची जाड साल. तिच्याखाली बारीक तारांची जाळी, जाळीखाली पातळ चंदेरी पत्री. मग पांढरा फेसासारखा प्लास्टिकचा गोल दांडा. आणि अगदी मध्ये, मिलिमीटरभर जाडीची तांब्याच्या रंगाची तार. म्हणजे साल, चार, गरा आणि आठळी. फणसच. मी पणजीच्या शाळेत शिकलेला माणूस. मला वाटलं, मधली तार हाच माल, बाकी सगळं पॅकिंग. पुढच्या सगळ्या चुका या एका समजुतीतून झाल्या.

पहिल्यांदा स्वयंपाकघरातली सुरी लावली आणि दाब देऊन फिरवली. साल निघाली, जाळीही निघाली, गराही निघाला. तार उघडी पडली, सुंदर दिसली आणि जरा वाकवल्याबरोबर कट् करून तुटली. सुरीचा चरा तारेवर गेला होता. आईने मान वर न करता सांगितलं, "सुरी सालीला लावायची. गऱ्यापर्यंत न्यायची नाही. वरून नुसती रेघ मारायची, मग हाताने उकलायचं." ती फणसाविषयी बोलत होती. मी तिचं ऐकलं असतं तर पहिली पिन तरी वाचली असती.

दुसऱ्या खेपेला तार वाचली. जाळी सालीवर उलटी परतवली, पिन घुमवून घट्ट केली, वर जाऊन लावली. खाली डब्याने जाहीर केलं की एलएनबीची लाइन शॉर्ट आहे. पुन्हा वर, पुन्हा खाली. भिंग लावून पाहिलं, तर जाळीतली एकच तार, भाताच्या कुसळासारखी, वळून मधल्या तारेला टेकली होती. असलं एखादं कुसळ माझ्या अंगठ्यातही होतं. ते मंगळवारी निघालं.

तिसऱ्या खेपेला वैताग आला होता. पिन सैल वाटली म्हणून पक्कड घेतली आणि आवळली. चित्र आलं. आईने आतून हाक दिली, "आयलें!" आणि मी निसणीवरून उतरायच्या आत, "गेलें." हे दोन शब्द मी लहानपणी शेकडो वेळा ऐकले आहेत. तेव्हा बाबा छपरावर असायचे, मी दारात आणि आई आत. अँटेना फिरवायची, चपटी वायर हलवायची, पडद्यावरच्या मुंग्या कमी झाल्या की ओरडायचं. मी मधला निरोप्या. आतलं बाहेर, बाहेरचं आत. तेव्हा निदान मुंग्या तरी होत्या. सिग्नल थोडा कमी झाला की मुंग्या थोड्या वाढायच्या. बिघाड किती, ते डोळ्यांना कळायचं. आताचं चित्र काठापर्यंत स्वच्छ असतं आणि काठावरून एकदम पडतं.

रात्री, बाल्कांवात बसून, पक्कडीने आवळलेली ती पिन मी कापून उघडली. तार धड होती, जाळी धड होती. फक्त मधला पांढरा गरा एका बाजूने चेपला होता. एवढ्याने काय होतं? तो तर नुसता भराव, असं मी मानत होतो. मग वाचायला बसलो.

ही केबल १८८० साली ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रजाच्या नावावर पेटंट झाली. हा तारघरातला कारकून. लहानपणीच्या तापाने कान अधू. चोविसाव्या वर्षी त्याने नोकरी सोडली ती कायमची; पुन्हा कुठे नोकरी धरलीच नाही, घरी बसून गणितं करत राहिला. टेलिव्हिजन तर सोडाच, रेडिओसुद्धा तेव्हा नव्हता. त्याला टेलिफोनच्या आणि तारेच्या ओळी एकमेकींच्या बोलण्यात शिरू द्यायच्या नव्हत्या. म्हणून एक तार दुसरीच्या पोटात. पण त्याने आणि पॉइंटिंग या दुसऱ्या इंग्रजाने, पुढच्या पाचेक वर्षांत, वेगवेगळ्या वाटांनी जे दाखवलं त्याने माझी झोप गेली. वीज वाहते तेव्हा तिची शक्ती तारेच्या आतून जात नाही. ती तारेभोवतीच्या जागेतून जाते. तार फक्त वाट दाखवते.

मला ते शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी खिडकीबाहेर पाहत असेन. पण आमच्या केबलीतच त्याचा पुरावा पडला होता. अशा केबलीत लहर किती वेगाने जाते हे तांब्यावर अवलंबूनच नाही, मधल्या पांढऱ्या प्लास्टिकवर अवलंबून आहे. ते भरीव असेल तर प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ६६ टक्के. त्यात हवेचे बुडबुडे भरून फेस केला, की ८० टक्क्यांच्या वर. तांबं तेच, गरा बदलला, वेग बदलला. म्हणजे चालणारा गऱ्यातून चालतोय.

आणि मधली तार? फ्रिजवरचा लोहचुंबक आणून लावला. चिकटला. आतून लोखंड, वरून तांब्याचा मुलामा. मला आधी फसवणूक वाटली. दुकानदाराला चार शब्द सुनवायचा बेतही केला. मग कळलं की या कामाच्या बहुतेक केबली अशाच असतात, आणि ते बरोबरही आहे. इतक्या वरच्या कंपनांना वीज तारेच्या नुसत्या कातडीवरून सरकते. एक गिगाहर्ट्झला तांब्यात ती कातडी साधारण दोन मायक्रॉन, मिलिमीटरचा पाचशेवा भाग. आतलं लोखंड नुसतं ताठ उभं राहण्यासाठी. एकच तोटा: वर पाठवायचे ते १८ व्होल्ट साधी वीज असल्याने अख्ख्या तारेतून जातात, आणि त्यांना लोखंड जड जातं. केबल फार लांब असेल तर तिथे शुद्ध तांब्याची घ्यावी. आमची १८ मीटर. तेवढ्यातही एलएनबीकडून निघालेल्या शक्तीतली निम्म्याहून जास्त वाटेतच मुरते, आणि तरी चित्र येतं, कारण एलएनबी ती आधीच फुगवून पाठवतो.

तर चेपलेला गरा. केबलीवर ७५ ओहम लिहिलेलं असतं. ते कुठल्याही एका तारेचं माप नव्हे. मधल्या तारेची जाडी, बाहेरच्या जाळीचा व्यास आणि मधला फेस यांच्या प्रमाणातून ते येतं. तार एक मिलिमीटर, जाळीचा व्यास साडेचारच्या किंचित वर. ते प्रमाण सबंध लांबीभर तेच राहिलं पाहिजे. कुळागरात पाटाचं पाणी सोडलेलं ज्यांनी पाहिलं असेल त्यांना कळेल: पाट एकसारखा असला की पाणी आवाज न करता जातं. मध्ये कुठे दगड पडून तोंड अरुंद झालं की पाणी तिथे आपटतं आणि थोडं मागे फिरतं. पक्कडीने मी पाटात दगड टाकला होता. माझी लहर तिथून मागे फिरून छत्रीकडे चालली होती.

कॉलेजात असताना आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असली एक केबल होती, ५० ओहमची, एका यंत्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलेली. १८५ मीटरपर्यंत चालायची म्हणे. जोडायला बीएनसी नावाचा कनेक्टर; त्यातले एन आणि सी म्हणजे नील आणि कॉन्सेलमन ही दोन माणसं, हे मला परवा कळलं. दोन्ही टोकांना एकेक बुटकं टोपण असायचं. कुणी खोडकर पोराने शेवटचं टोपण काढून खिशात घातलं, की सगळ्या लॅबची यंत्रं मुकी. सरांना वाटायचं सर्व्हर गेला. तो खोडकर पोरगा कोण होता, ते इथे लिहीत नाही. सर अजून हयात आहेत. टोपणाचं काम काय, हे त्या पोराला तेव्हा कुठे ठाऊक होतं! टोकाला पोचलेली लहर गिळून टाकायची, मागे फिरू द्यायची नाही, एवढंच.

पुढच्या शनिवारी तयारीने गेलो. दाबायच्या पिना, दोन पाती असलेला केबल सोलायचा चिमटा आणि त्या पिना दाबून बसवायचं कॉम्प्रेशनचं हत्यार. तीन-चारशे रुपये गेले, आईला सांगितले नाहीत. हा चिमटा बोटाभोवती अंगठी फिरवावी तसा फिरवायचा. एक पातं सालीपुरतं जातं, दुसरं गऱ्याला पार करून तारेच्या अलीकडे थांबतं. साडेसहा मिलिमीटर तार उघडी, तेवढीच जाळी. जाळी केसांसारखी मागे परतवायची. पत्री मात्र गऱ्याला चिकटलेली तशीच ठेवायची, तिला सोलायचं नाही. पिन सरळ आत दाबायची. जोर लागतो, हात दुखतो. पिनेत डोकावलं की पांढरा गरा तळाच्या पातळीला आलेला दिसला पाहिजे. आत राहिला तर खोली रिकामी, बाहेर आला तर जास्त. मग हत्यारात ठेवून एकदा दाबायचं. हे हत्यार पक्कडीसारखं आडवं चेपत नाही. लांबीच्या दिशेने दाबतं आणि बाहेरचा कडा सालीवर सगळीकडून सारखा बसतो. तार पिनेच्या तोंडाबाहेर दोनेक मिलिमीटर. जास्त लांब ठेवली तर समोरच्या भोकात वाकते, आखूड ठेवली तर पोचत नाही.

पहिली फुकट गेली. दुसरी बसली. तिसरी नुसती मजेसाठी मारली, फेकायच्या तुकड्यावर. चौथीही. आई म्हणाली, "आता सगळ्या वाड्याच्या मारून ये." शेजारच्या वहिनींनी खरंच विचारलं. जाऊन आलो.

पाण्याचं काय करायचं ते केरीच्या मावसभावाने शिकवलं. पेडण्यातलं केरी, समुद्र घरातून ऐकू येतो. तिथे खारा वारा पितळसुद्धा सोडत नाही. त्याने दोन पावसाळ्यांत तीन एलएनबी बदललेत, म्हणून त्याचा अधिकार. साधी काळी टेप घेऊ नको म्हणाला. उन्हात तिचा डिंक वितळतो आणि मग ती पाणी अडवत नाही, साठवते. रबराची, ताणली की स्वतःलाच चिकटणारी टेप घे. खालून वर गुंडाळ, कौलं घालतात तशी, म्हणजे वरचा थर खालच्यावर येईल. आणि केबल एलएनबीतून सरळ भिंतीत नेऊ नको. मध्ये झोल दे, पोट खाली येईल असा. पाणी केबलीवरून ओघळतं ते त्या पोटाशी येऊन पागोळीसारखं टपकतं, पुढे जात नाही. आमच्या जुन्या केबलीला झोल नव्हता. उलट ती छत्रीपासून उतार धरून थेट भिंतीच्या भोकात गेली होती. पाच वर्षं आमची केबल दिवाणखान्यात पाऊस पोचवत होती आणि आम्ही रंगाऱ्याला दोष देत होतो.

आठ वाजले. मालिका लागली. आईने आयलें म्हटलं नाही. पाहायला लागली म्हणजे आलं. साठां पाटावर वाळत होती, त्यांवर फडका. मी पडवीत हात धूत होतो. एका हाताला फणसाचा चीक, कारण चौथी पिन झाल्यावर मला गरे काढायला बसवलं होतं. चीक साबणाने जात नाही, तेलानेच जातो.

मिरग वेळेवर आला. पहिला मोठा पाऊस पडला त्या संध्याकाळी मी पणजीत होतो. आठ वाजून दहा मिनिटांनी फोन.

"गेलें."

मी समजावलं, ढग फार जाड असले की लहर ढगातल्या पावसातच विरते, छत्रीपर्यंत पोचतच नाही. याला कुणी काही करू शकत नाही, सगळ्यांचंच जातं, शेजारी विचार. पलीकडून कौलांवरच्या पावसाचा आवाज येत होता, तिचं बोलणं मध्येच त्यात बुडत होतं.

"म्हणजे तुझी पिन नव्हे?"

"नव्हे."

"असं तो गेल्या वर्षीचा मुलगाही म्हणाला होता," ती म्हणाली, आणि फोन तसाच हातात धरून टीव्हीसमोर बसून राहिली. मीही ठेवला नाही. पाऊस ऐकत होतो. दहा-बारा मिनिटांनी पाऊस जरा ओसरला आणि मागून मालिकेचं संगीत ऐकू आलं.